सायकल काढण्याआधी गोळ्यांची पिशवी उघडा

दिवाळी सरली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, तुरीला फुलोरा धरला की अकोला-अमरावतीकडचे सायकलवाले सातपुड्याकडे तोंड वळवतात. पूर्वी ही हौस एका सकाळची असे. पहाटे निघायचे, कुठेतरी पोहे-चहा करायचा आणि ऊन चढायच्या आत घरी. आता दोन-तीन रात्रींचा मुक्काम, सायकललाच बांधलेला तंबू, हँडलवर पिशवी आणि डांबर सोडून मुरुमाची, खडीची वाट असा प्रकार आला आहे. त्यासाठी रुंद टायरच्या वेगळ्या सायकली मिळतात, त्यांना ग्रॅव्हल बाईक म्हणतात. नाव नवे, किंमत त्याहून नवी. मुरुमाच्या रस्त्यावर सायकल हाकणे मात्र वऱ्हाडात नवे नाही. दूधवाले, पोस्टमन आणि हायस्कूलला जाणारी पोरे वर्षानुवर्षे तेच करत आली, तेही गिअर नसलेल्या सायकलीवर आणि मागे ओझे बांधून.

अशा सहलीची सुरुवात करायला तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड सोयीचे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे सपाट खोरे, मध्ये केळीचे आणि संत्र्याचे मळे. वारी भैरवगडचे हनुमान मंदिर आणि वान धरण हाकेच्या अंतरावर. अकोला-खांडवा मीटरगेज गाडी इथूनच वान रोडमार्गे मेळघाटात शिरत असे आणि धूळघाटजवळ स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेऊन वर चढत असे. २०१७च्या सुरुवातीला ती बंद झाली. त्या रुळांच्या वाटेने जंगलात सायकल घालावी असा मोह कुणालाही होईल. तो आवरायला हवा. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. गाभ्यातल्या जंगलात परवानगीशिवाय सायकल नेणे किंवा तंबू ठोकणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि अस्वलाच्या वाटेवर झोपणे हा शहाणपणाही नाही. ग्रॅव्हल सायकलीला वाघाचे जंगल लागतच नाही. पायथ्याने हिवरखेड, अडगाव, अकोट, अंजनगाव असे पूर्वेकडे सरकत गेले तर पांदणीचे रस्ते पुरून उरतील. नरनाळ्याच्या पायथ्याला शहानूर, पुढे परतवाडा, धामणगाव गढी आणि तिथून चिखलदऱ्याचा घाट. शंभर-सव्वाशे किलोमीटर, तीन दिवस, दोन रात्री. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच. परतवाड्यापासून सातशे मीटरहून जास्त चढ आहे.

सहलीला निघणारे लोक टायर, पंक्चरचे सामान, बॅटरी, तंबूचे खुंटे यांच्या याद्या आठवडाभर करतात. कोणत्या कंपनीची सीट चांगली यावर वाद घालतात. पण शुगरची गोळी कोणती चालू आहे आणि तीन दिवस पायडल मारताना ती तशीच घ्यायची का, हा प्रश्न यादीत नसतो. या सहलीतला खरा धोका वाघ नाही, घाट नाही, औषधांची ती छोटी पिशवी आहे. आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण रोजच्या गोळ्यांची माणसाला इतकी सवय होते की ते औषध आहे हेच तो विसरतो.

समजा, चौघे निघाले. एक बँकेत नोकरीला, वय बावन्न, सात वर्षांपासून शुगर. दुसरे शेहेचाळीस वर्षांचे शिक्षक, रक्तदाबाची एकच गोळी घेणारे. तिसऱ्या बाई पस्तिशीतल्या, रोज योगासने करतात, पण एका दमात वीस किलोमीटरच्या पुढे कधी गेल्या नाहीत. चौथा बँकवाल्यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या, ज्याला कोणताच आजार नाही आणि म्हणून कशाचीच भीती नाही. अडगावच्या अलीकडे चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारणारच, ‘काहून भाऊ, गाडी बिघडली काय?’ चौघे हसतील. इथपर्यंत सगळे छान.

बँकवाल्या काकांपासून सुरुवात करू. आपल्याकडे शुगरवर मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड फार दिले जाते. बहुतेकदा दोन्ही एकाच गोळीत असतात, त्यामुळे आपण दोन औषधे घेतो हे रुग्णाला ठाऊक नसते. एकटे मेटफॉर्मिन साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी गेली आहे की नाही हे ते बघत नाही. दुसरीकडे, चालता स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्याला त्यासाठी इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही बाजूंनी उपसा सुरू झाल्यावर विहीर कोरडी पडायला वेळ लागत नाही.

त्यातही सायकल चालवताना साखर उतरली तर निदान कळते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिड करतो, बरोबरचे लोक थांबवतात. अवघड वेळ रात्रीची. दिवसभर रिकामे झालेले स्नायू झोपेत आपला साठा भरून घेत असतात आणि हे काम चोवीस तासांपर्यंत चालू राहू शकते. रात्री दोन वाजता शहानूरच्या थंडीत, तंबूत, साखर पन्नासवर आली तर काका बरळतील किंवा निपचित पडतील. शेजारचा म्हणेल, दमलेत बिचारे, झोपू द्या. सकाळपर्यंत उशीर झालेला असेल.

हे टाळणे अवघड नाही. निघण्याआधी दोन आठवडे डॉक्टरांकडे जावे आणि सरळ सांगावे की तीन दिवस रोज पाच-सहा तास सायकल चालवणार आहे. गोळीचा डोस कमी करायचा की दुसरी द्यायची, हे तिथे ठरेल. इन्शुलिन घेणाऱ्याचे गणित तर वेगळेच बसवावे लागते. ग्लुकोमीटर बरोबर असावा आणि झोपण्याआधी एकदा बोट टोचावे. खिशात साखर असावी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साखर किंवा ग्लुकोज पावडर तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग पोटभर खाणे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचे नाही, ते फुप्फुसात जाते. आणि तंबूतल्या जोडीदाराला हे सगळे आधी सांगून ठेवायचे. बावन्नाव्या वर्षी आपला आजार मित्राला सांगायला पुरुषांना का लाज वाटते हे एक कोडेच आहे. तंबाखूची पुडी मात्र निःसंकोच मागतात.

अलीकडे डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळीही बरीच चालते. औषध चांगले आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा फायदा होतो. पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि साखरेबरोबर पाणीही जाते. उन्हात घाम गाळणाऱ्याला ते जड जाऊ शकते. शिवाय जेवण कमी, श्रम जास्त आणि शरीर कोरडे अशा स्थितीत रक्तात आम्ल साचू शकते आणि गंमत अशी की तेव्हा मीटरवर शुगर फारशी वाढलेली दिसेलच असे नाही. मळमळ, पोटदुखी, उलट्या आणि जोरजोरात श्वास ही लक्षणे आली तर ‘बाहेरचे खाणे बाधले’ म्हणून बसून राहू नये. ही गोळी सहलीच्या किती दिवस आधी थांबवायची आणि केव्हा परत सुरू करायची, तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

आता शिक्षक. त्यांच्या रक्तदाबाच्या एका गोळीतही बहुधा दोन औषधे आहेत, एक टेल्मिसार्टनसारखे आणि दुसरे लघवी वाढवणारे. रोजच्या आयुष्यात या जोडीने त्यांचे काहीच बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवशी अंजनगाव ओलांडेपर्यंत त्यांचा टोंगळा ठणकायला लागतो. मेडिकलमध्ये जाऊन ते डायक्लोफिनॅकची पट्टी घेतात, एक दुपारी, एक रात्री. चिठ्ठी कोणी मागत नाही. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह शरीर कोरडे पडल्यावर टिकवून धरण्याचे जे काही उपाय शरीराकडे आहेत, त्यांतला एक उपाय वेदनाशामक बंद करते, दुसरा रक्तदाबाची गोळी बंद करते आणि लघवी वाढवणारे औषध आधीच कमी असलेले पाणी आणखी कमी करते. वैद्यकात या तिहेरी माऱ्याची चांगलीच ओळख आहे. मूत्रपिंडाला अचानक इजा होते आणि माणसाला कळते ते दोन दिवसांनी, लघवी कमी झाल्यावर. खारपाणपट्ट्यातल्या लोकांना मूत्रपिंडाच्या आजाराचे नाव नवीन नाही, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

शिक्षकांचा टोंगळा दुखतो त्याचे कारण बहुतेकदा टोंगळ्यात नसते, सीटच्या उंचीत असते. आपण लहानपणी दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशा उंचीवर सायकल शिकतो आणि आयुष्यभर तीच उंची ठेवतो. मग प्रत्येक पायडलला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. सोपी युक्ती अशी की सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. नंतर पंजाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढे पुरे. जड गिअर रेटत राहण्यापेक्षा हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवावेत. हे करूनही दुखलेच तर पॅरासिटामॉल, बर्फ मिळाल्यास बर्फ आणि एक दिवस विश्रांती. एसटी चिखलदऱ्याला जाते. तिच्यात बसणे हा पराभव नव्हे.

बाईंना दुसऱ्या दिवशी हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर वाटू लागते. खडीच्या रस्त्यावर हँडलमधून येणारे धक्के तळहाताच्या करंगळीकडच्या भागातल्या नसेवर बसतात, त्याचा हा परिणाम. हात दर काही मिनिटांनी हलवले, मऊ मोजे घातले, टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर बहुतेकदा भागते. बटण लावता येईनासे झाले किंवा बोटातली ताकद गेली तर मात्र थांबायचे. त्यांचा दुसरा त्रास कोणत्याही सायकलच्या पुस्तकात सहसा नसतो. रस्त्यात स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत दाबून धरतात. मग डोके दुखते, आणि परतल्यावर लघवीची जळजळ. हे दुखणे डॉक्टरांकडे येते खरे, पण त्याचे औषध रस्ते बांधणाऱ्यांकडे आणि पेट्रोलपंपांच्या कुलूपबंद संडासांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आहे. शेतात निंदणाला जाणाऱ्या बाया हेच दुखणे वर्षभर काढतात.

पाण्याबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, थंडीत पाणी लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही वऱ्हाडात दुपारचे ऊन चांगले तापते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तर अशी सहल काढूच नये. दुसरा गैरसमज उलटा, की जितके पाणी प्याल तितके चांगले. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीदरम्यान वजन वाढलेल्यांत, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांत, हे प्रमाण अधिक होते. सोडियम फार उतरले की मेंदूला सूज येते आणि माणूस गोंधळतो, आकडी येते. म्हणून तहान लागेल तेव्हा प्यावे, तहान मारू नये आणि तहान नसताना बाटल्या रिचवू नयेत. सोबत खारे काहीतरी असावे. भाकरी, पिठले, ठेचा आणि वरून ताक हे कोणत्याही पाकीटबंद जेलपेक्षा कमी नाही.

ओआरएसचे एक पाकीट एका लिटरला, ना कमी ना जास्त. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून पाजले आणि पटकीने होणारे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्या शोधाचे नाव गोड सरबतांच्या डब्यांवर छापून विकले जात होते; २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते थांबवण्याचा आदेश काढला. घेताना पाकिटावरचे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र वाचून घ्यावे. आणि पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचे खारे पाणी म्हणजे आयते ओआरएस, असा विनोद कोणी केला तर हसून सोडून द्यावा. ते क्षार वेगळे, त्यांचे प्रमाण वेगळे. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. वान धरणाचे पाणी ८४ खेडी योजनेतून जिथे नळाला येते तिथून बाटल्या भरून घेणे बरे.

पुतण्याला काही होणार नाही असे सगळ्यांना वाटते, त्यालाही. तोच घाटात सर्वांच्या पुढे जाणार, तोच रात्री ‘तंबूत गुदमरतं’ म्हणून बाहेर सतरंजी टाकणार. सवय नसलेल्या स्नायूंना एकाच दिवशी पिळून काढले तर ते फुटू शकतात. लघवी चहासारखी तपकिरी दिसली की तो थकवा नाही, ते थेट रुग्णालयाचे काम आहे. आणि उघड्यावर जमिनीवर झोपणे म्हणजे मण्याराला बोलावणे. मण्यार रात्री फिरते. ती झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा इतका बारीक असतो की बऱ्याचदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या एकत्र आल्या की साप दिसला नाही, डंख दिसला नाही तरी मण्यार समजावी.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले आणि बरेचसे रुग्णालयात पोहोचण्याआधी. तंबूची चेन पूर्ण लावलेली, बूट आत, रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी, एवढ्याने यातला मोठा भाग टळतो. चावलाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही आणि रुग्णालय गाठायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींवर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. अकोट, तेल्हारा, अचलपूर, चिखलदरा इथे सरकारी रुग्णालये आहेत. निघण्याआधी फोन करून लस शिल्लक आहे का आणि रात्री डॉक्टर कोण असतात हे विचारायला संकोच कशाला? चार जणांनी विचारले तर साठा संपण्याआधी मागणी जाते, त्याचा फायदा शेजारच्या वावरात राखणीला झोपणाऱ्याला होतो. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण डोंगरात मोबाइलला रेंज नसते. मुक्कामाच्या गावी कोणाकडे चारचाकी आहे, त्याचा नंबर संध्याकाळीच घेऊन ठेवावा.

कुत्र्यांचेही सांगायला हवे, कारण सायकलमागे ती हमखास धावतात. चावा किंवा नुसता ओरखडा असला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी रेबीजची लस. हळद, मिरची, चुना काही लावू नये. ‘चिखलदरा करून मग घेऊ’ असे म्हणू नये.

आणखी एक गोष्ट सहल संपल्यावर आठ-दहा दिवसांनी उगवते. गवतात तंबू लावल्यावर किड्याच्या बारीक अळ्या चावतात, त्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात त्याची मोठी साथ आली होती. ताप, अंगदुखी आणि काखेत, जांघेत किंवा पट्ट्याखाली सिगारेटचा चटका लागल्यासारखा काळा डाग. डॉक्सिसायक्लिन नावाच्या स्वस्त औषधाने तो बरा होतो, पण डॉक्टरांना संशय यायला हवा. तो यायचा तर ‘मी गवतात झोपलो होतो’ हे रुग्णाने सांगायला हवे. मेळघाटातून परतल्यावर आलेल्या तापात मलेरियाचीही तपासणी करून घ्यावी.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग घरीच बसलेले बरे. ते मात्र सर्वांत वाईट. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यात कामावर सायकलने जाणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण गाडीने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होते. सायकलवाले मुळातच तब्येतीला जपणारे असतील, हा मुद्दा धरला तरी फरक मोठा आहे. ध्यानात घ्यायचे ते हे की ही पाहणी कामावर जाणाऱ्यांची होती, सुट्टीत डोंगर चढणाऱ्यांची नव्हती.

आणि इथेच तीन दिवसांच्या सहलीबद्दलचा मुख्य आक्षेप आहे. वर्षभर खुर्चीत बसायचे आणि हिवाळ्यात एकदा घाट चढून शरीराचे देणे फेडायचे, असा हिशेब शरीर मानत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा अमेरिकेतला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोरदार श्रमानंतरच्या एका तासात झटक्याचा धोका किती वाढतो, ते त्यात मोजले होते. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत तो शंभर पटींहून जास्त वाढत होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत अडीच पटीच्या आत राहत होता. त्या एका तासाचा मूळ धोका फार लहान असतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बँकवाल्या काकांचा पहिला खरा चढ चिखलदऱ्याचा घाट असू नये. त्याआधी तीन महिने, आठवड्यातून चार-पाच दिवस, घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून वावरापर्यंत सायकल चालली पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्याने आणि शुगर-बीपी असलेल्याने ईसीजी व डॉक्टर म्हणतील त्या तपासण्या करून घ्याव्यात. चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, न शोभणारा घाम आला तर तिथेच उतरायचे. ॲसिडिटी समजून पुढे रेटायचे नाही.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने केली होती. तिघेही डॉक्टर. त्यांची नावे सहलीच्या जाहिरातीत घेतली जातात, त्यांची त्यामागची काही वर्षांची तयारी मात्र कोणी सांगत नाही.

सहली काढणारे गट आता पैसे घेतात, टी-शर्ट देतात, पदक देतात आणि ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ अशा कागदावर सही घेतात. त्या सहीने कोणाचा जीव वाचत नाही, फार तर आयोजकाची झोप वाचते. त्याच कागदावर चार ओळी वाढवाव्यात. कोणत्या गोळ्या चालू आहेत, पाकिटावरून बघून लिहा. कशाची ॲलर्जी आहे. शेवटचा ईसीजी कधी काढला. घरच्या कोणाला फोन करायचा. आणि त्या कागदाची प्रत ज्याच्या त्याच्या हँडलच्या पिशवीत ठेवावी, आयोजकाच्या अकोल्याच्या कपाटात नाही. ज्याने गोळ्यांचे नाव लिहिले नाही त्याला परत पाठवायचा अधिकार आयोजकाने वापरावा. हेल्मेट नसलेल्याला ते परत पाठवतातच.

तिसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला पोहोचल्यावर चौघे खूश असतील आणि सावधपण तिथेच सुटते. उतारावर सकाळच्या गारठ्यात बोटे आखडतात, ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, वळणावर मुरूम पसरलेला असतो. ऊन आल्यावर, हातमोजे घालून, एकमेकांत अंतर ठेवून उतरावे. परतवाड्याहून घरी न्यायला गाडी बोलावली असेल तर ती चालवणारा या चौघांतला नसावा. तीन दिवसांचा शीण आणि पोटभर जेवण घेऊन स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला अंजनगाव यायच्या आत डुलकी लागते.